चामड्याची बाही

ही बाही एका चपलवाल्यानं शिवली.
नक्षी राहू दे, म्हणाला, जाडी सांगा.
मी म्हटलं, रोजचे दोनशे फटके.
त्यानं माझ्याकडं बघितलं, मग हाताकडं,
आणि म्हशीचं कातडं दुहेरी घेतलं.
पैसे मोजताना न राहवून विचारलं,
पोरं मारत्यात, आणि वर फी पण देत्यात?

देतात. काही देतात.

टिंबर मार्केटमागं पत्र्याचा हॉल.
शेजारच्या करवतीचा भुसा रात्रभर आत येतो,
पिस्टवर बसतो, पाय घसरतात,
म्हणून पहाटे साडेपाचला पहिला सराव झाडूचा.
तो हिंदुराव सर मारतात.
मुख्य प्रशिक्षक तेच, खजिनदार तेच.
त्यांचा आजा दांडपट्टा फिरवायचा, लिंबू कापायचा
जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या गळ्यावरचं.
नातू नव्या पालकांना सांगतो,
आमच्या तलवारीला धार नसते, वायर असते.
पालक जरा हिरमुसतात.

वायरी निलोफर मॅडमकडं.
वीसातल्या अकरा चालू, नऊ मूडवर.
सोल्डरिंगचा धूर डोळ्यांत जाऊ न देता
त्या नियम शिकवतात:
दोन्ही दिवे लागले तर भांडण कुणी काढलं ते बघायचं.
आणि दोघांनी एकदमच काढलं तर, मॅडम?
तर कुणालाच काही नाही. घरी बघत नाहीस काय?

माझं काम चुकण्याचं.
मनगट दोन बोटं बाहेर, जरासं उशिरा,
दार इतकंच किलकिलं
की पोराला वाटावं आपणच ढकललं.
लवकर उघडलं तर पोर आळसावतं.
फार थांबलो तर बुजतं, मग महिनाभर
मागंमागंच सरकत राहतं.
अकरा वर्षं झाली, मी वेळेवर चुकतोय.

खेळत होतो तेव्हा वेळ नसताना चुकलो.
नाशिकला, चौदा-चौदावर,
पाय धावला आणि हात मागं राहिला.
एक दिवा. माझा नव्हे.
सर खुर्चीत बसून होते, एक अक्षर बोलले नाहीत.
परतताना पेठनाक्याला उठवलं, चहा हातात दिला,
म्हणाले, हात आधी, पाय मागनं.
आता ही चूक तुझी. जपून ठेव.
मला तो टोमणा वाटला.
पुढचे तीन महिने मी हॉलकडं फिरकलो नाही.

कस्तुरी चौगुले, वय तेरा, डावखुरी.
बाप मार्केट यार्डात गुळाच्या ढेपा तोलतो,
पोरीला घ्यायला येतो तेव्हा दारातच उभा राहतो,
चिकट हात पाठीमागं धरून.
गेल्या मंगळवारी, धड्याच्या शेवटी शेवटी,
मी दार उघडणार होतो.
उघडलं नव्हतं.

कोपराच्या आतल्या बाजूला, बाही संपते
आणि चपलवाल्याचं गणित संपतं, बरोबर तिथं.
यंत्र जोडलेलं नव्हतं.
दिवा नाही, आवाज म्हणाल तर ओल्या टॉवेलचा.
मी म्हटलं, पुन्हा.
ती जागची हलली नाही.
जाळीमागून विचारलं,
सर, हे तुम्ही दिलं का?

खोटं बोलायला फार थोडा वेळ मिळतो.
मी त्यात उशीर केला.

मॅडमची सोल्डरिंगची कांडी हवेतच राहिली.
सर भिंतीकडं तोंड करून
उगाचच हातमोजे मोजू लागले,
डावे वेगळे, उजवे वेगळे.
ती परत रेषेवर गेली, गुडघे वाकवले.
आता तिला माझं मनगट नको होतं.
ती माझ्या खांद्याकडं बघत होती,
चूक जिथं सुरू होते तिथं.

रात्री मलम चोळताना बायको म्हणाली,
आता हे कुणाचं?
मी नाव सांगितलं.
आडनावासकट.